मळणाऱ्या इलेक्ट्रोडची कुळकथा

एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, रोज काम करणाऱ्या माणसाजवळ इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टरचा विषय काढा. आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडतील, कौतुक मागाहून येईल. यूव्ही डिटेक्टरचा दिवा लावला की अर्ध्या तासात काम सुरू होतं. याला मात्र आदल्या रात्रीपासून द्रव वाहता ठेवावा लागतो, तेव्हा कुठे सकाळी बेसलाइन सरळ येते. पंपात हवेचा एक बुडबुडा शिरला की कागदावर सुळका उठतो. सोमवारी जेवढं पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, आलं तेवढंच शुक्रवारी येईल याचीही हमी नाही, कारण मधल्या चार दिवसांत इलेक्ट्रोड मळलेला असतो.

हा मळ कुठून येतो? यूव्ही डिटेक्टर वाहत्या द्रवाकडे काचेआडून बघतो. प्रकाश आत गेला किती, बाहेर आला किती, एवढाच त्याचा हिशेब. इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टरला लांबून बघणं ठाऊक नाही. पदार्थाच्या रेणूला इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागापर्यंत यावं लागतं, तिथे इलेक्ट्रॉन द्यावा किंवा घ्यावा लागतो आणि मग पुढे जावं लागतं. या देवघेवीचा विद्युतप्रवाह म्हणजेच आपलं मोजमाप. पण देवघेव झालेला प्रत्येक रेणू निमूट निघून जातोच असं नाही. काही तिथेच चिकटतात, एकमेकांना धरून थर धरतात, आणि पाठून येणाऱ्यांची वाट अडते.

या उपकरणाचा इतिहास बहुधा संवेदनशीलतेचा म्हणून सांगितला जातो: आधी मिलिग्रॅम, मग मायक्रोग्रॅम, मग पिकोग्रॅम. ते खरंच आहे. पण त्याच्या पिढ्या एकापुढे एक मांडल्या तर मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येताना दिसतो. पुढच्या मोजणीसाठी कोरा पृष्ठभाग आणायचा कुठून? प्रत्येक पिढीने त्याला आपापलं उत्तर दिलं, आणि ज्या पिढीचं उत्तर चाललं तिचंच नाव राहिलं.

हिशेबाचा पाया मायकेल फॅरेडेंचा. किती वीज वाहिली यावरून किती पदार्थ बदलला हे सांगता येतं, हा त्यांचा नियम १८३४ सालापासून छापील स्वरूपात आहे. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,४८५ कुलोंब. हा आकडा केवढा मोठा आहे ते छोट्या उदाहरणात कळतं. एक पिकोमोल डोपामाइन म्हणजे जेमतेम १५३ पिकोग्रॅम. दर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे सगळं डोपामाइन कामी आलं तर ०.१९ मायक्रोकुलोंब. वाहत्या द्रवात सगळं कामी येत नाही. पाच टक्के पृष्ठभागाला शिवलं आणि ते दहा सेकंदांत उरकलं असं धरलं, तरी जवळपास एक नॅनोअँपिअर प्रवाह मिळतो. अँपिअरचा अब्जावा भाग. ऐकायला नगण्य, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने सहज मोजण्याजोगा.

फॅरेडेंनंतरच्या रसायनशास्त्रज्ञांना मात्र इलेक्ट्रोडवरची ही देवघेव अडचणच वाटत होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिष कोलराऊश यांना द्रावणाची वाहकता मोजायची होती. द्रावणात दोन पट्ट्या बुडवून एकदिश प्रवाह सोडला की पट्ट्यांवर रासायनिक क्रिया सुरू होते, त्या ध्रुवित होतात आणि मोजमाप भरकटतं. कोलराऊश यांनी १८६९च्या सुमारास प्रत्यावर्ती प्रवाह वापरून यातून वाट काढली. प्रवाहाची दिशा इतक्या झटपट उलटते की पृष्ठभागावर काही साचायला सवडच मिळत नाही. शिवाय प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर त्यांनी प्लॅटिनमचाच काळा, भुसभुशीत थर चढवला, म्हणजे पृष्ठभाग वाढला आणि ध्रुवण आणखी कमी झालं. पुढे मापनसेतूचा तोल साधला की नाही हे ओळखायला ते टेलिफोनचा ऐकण्याचा भाग कानाला लावत; आवाज मंदावला की तोल साधला.

या शाखेचा वंश आजही जोरात आहे. १९७५ साली डाऊ केमिकलमधले हॅमिश स्मॉल, टिमोथी स्टीव्हन्स आणि विल्यम बाउमन यांनी आयन क्रोमॅटोग्राफी मांडली, तिचा डिटेक्टर वाहकतेचाच. त्यांची करामत होती ती कॉलम आणि डिटेक्टर यांच्यामध्ये. तिथे बसवलेला सप्रेसर वाहक द्रवाची स्वतःची वाहकता जवळपास पुसून टाकतो, आणि मग क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट एकेक करून उठून दिसतात. नाशिक-सांगलीकडचा द्राक्ष बागायतदार ठिबकच्या पाण्याचा ‘ईसी’, म्हणजे वाहकता, विचारतो, तोही याच घराण्याचा आकडा. पण हे घराणं देवघेव टाळणारं. आपल्याला शोधायचं आहे ते दुसरं, देवघेव अंगावर घेणारं.

त्याचा मूळ पुरुष प्रागचा. यारोस्लाव्ह हेरोव्स्की १८९० साली जन्मले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकले, आणि पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात औषधं बनवण्याचं व क्ष-किरणाचं काम करत होते. १९१८ साली डॉक्टरेटच्या परीक्षेच्या वेळी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक बोहुमिल कुचेरा यांनी त्यांना एक जुनं कोडं दिलं: केसाएवढ्या बारीक काचनळीतून पारा ठिबकत ठेवायचा, त्याला वेगवेगळी व्होल्टेज द्यायची आणि पृष्ठताण कसा बदलतो ते पाहायचं. म्हणजे थेंब जमा करायचे, सुकवायचे, वजन करायचं, आणि पुढच्या व्होल्टेजला पुन्हा तेच. हे वजनकाम हेरोव्स्कींनी बराच काळ निमूट केलं. मग त्यांनी थेंब तोलण्याऐवजी थेंबातून वाहणारा प्रवाहच गॅल्व्हानोमीटरवर मोजायचं ठरवलं. १० फेब्रुवारी १९२२ रोजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्यांनी घेतलेल्या नोंदींतून पोलरोग्राफीचा जन्म झाला असं मानतात. त्याच वर्षी ते काम चेक भाषेतल्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या थेंबात आहे. काचनळीच्या टोकाशी पाऱ्याचा मणी वाढतो, तीन-चार सेकंदांत जड होतो आणि सुटतो. त्याच्या जागी लगेच दुसरा. सुटलेल्या थेंबावर जे काही चिकटलं असेल ते त्याच्याबरोबर तळाशी गेलं. नवा थेंब आरशासारखा लख्ख, मागच्याची कुठलीही आठवण नसलेला. आलेखावरची रेघ म्हणूनच करवतीच्या दात्यांसारखी दिसते. दर दात्यामागे एक थेंब जन्मलेला आणि पडलेला. पाऱ्याचा आणखी एक गुण असा की हायड्रोजन त्याच्यावर सहजी सुटत नाही, त्यामुळे बरंच ऋण व्होल्टेज दिलं तरी पाणी मध्ये तडमडत नाही. शिसं, कॅडमियम, जस्त आपापल्या व्होल्टेजला पायरी दाखवतात. पायरी कुठे आहे यावरून पदार्थ ओळखायचा, पायरीच्या उंचीवरून त्याचं प्रमाण.

जपानहून आलेले मासुझो शिकाता यांच्या साथीने हेरोव्स्कींनी १९२४-२५मध्ये पोलरोग्राफ उभा केला. व्होल्टेज आपोआप सरकत जातं, गॅल्व्हानोमीटरच्या आरशावरून परतलेला किरण फिरत्या फोटोच्या कागदावर वक्र काढतो. एक-एक बिंदू हाताने टिपण्याचं तासाभराचं काम मिनिटांवर आलं. रासायनिक विश्लेषणाचं स्वतःहून नोंद ठेवणारं हे अगदी सुरुवातीच्या उपकरणांपैकी एक. नोबेल मात्र १९५९ची वाट पाहत राहिलं. सदतीस वर्षं हा काळ फारच झाला, असं माझं मत.

ठिबकणारा पारा वाहत्या द्रवाखाली धरायची कल्पना पोलंडच्या विक्टर केमुला यांची. ते हेरोव्स्कींकडे प्रागला राहून गेलेले. १९५२ साली त्यांनी क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून उतरणारा द्रव थेट पाऱ्याच्या थेंबावरून जाऊ दिला आणि त्या जोडणीला क्रोमॅटो-पोलरोग्राफी म्हटलं. कॉलम मिश्रण फोडतो, थेंब मोजतो. आज आपण ज्याला इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर म्हणतो त्याचा सांगाडा इथे पुरा तयार आहे. पण केमुलांची पद्धत फारशी पसरली नाही. वाहत्या द्रवाच्या धक्क्याने थेंब वेडावाकडा सुटायचा, द्रवात विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच्या दोन पायऱ्या घेऊन मध्ये यायचा. आणि खरी मेख पाऱ्यातच होती. ऋण बाजूला तो राजा. धन बाजूला थोडं व्होल्टेज वाढवलं की स्वतःच विरघळू लागतो. डोपामाइन, ॲड्रेनॅलिन, फिनॉल यांसारख्या, इलेक्ट्रॉन देणाऱ्या पदार्थांना अर्ध्या व्होल्टच्या वर धन व्होल्टेज लागतं. तिथवर पारा टिकत नाही.

तिथवर टिकतो तो कार्बन. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेला आधी पाऱ्यासारखाच ठिबकणारा कार्बन हवा होता, म्हणजे द्रवात घोटलेली कार्बनची भुकटी, थेंबाथेंबाने पडणारी. ते साधलं नाही. हाती आला तो दाट लगदा, आणि तोच कामाचा ठरला. १९५८ साली ॲडम्स यांनी कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड जाहीर केला. ग्रॅफाइटची भुकटी तेलकट द्रवात मळायची, टेफ्लॉनच्या खोबणीत दाबून भरायची आणि गुळगुळीत कागदावर घासून सपाट करायची. मळलं? वरचा थर खरवडून टाका, पुन्हा घासा. थेंब पडायचा बंद झाला, पण कोरं करण्याची युक्ती तीच. फक्त आता ती माणसाच्या हाताने करायची होती.

ॲडम्स यांची ओढ पुढे मेंदूच्या रसायनाकडे वळली. ॲड्रेनॅलिन वर्गातल्या पदार्थांचं इलेक्ट्रोडवर नेमकं काय होतं, याचा पायाभूत शोधनिबंध त्यांच्या गटाने १९६७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. त्याच्या चार लेखकांत एस. व्ही. तत्त्ववादी हे नाव वाचून मराठी वाचकाची नजर क्षणभर थबकेल. त्या कामातून मळाचा उगमही कळतो. इलेक्ट्रॉन दिलेला रेणू क्विनोन होतो, क्विनोन स्वतःला गुंडाळून वलय बनवतो, आणि त्याच्या साखळ्या जुळत जुळत काळपट थर बसतो. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं ते याच जातीच्या रसायनामुळे.

पुढे या मंडळींनी कार्बनचा बारीक इलेक्ट्रोड थेट उंदराच्या मेंदूत घातला. वक्र तर छान आला, पण त्यातला मोठा वाटा निघाला ॲस्कॉर्बिक ॲसिडचा, म्हणजे क जीवनसत्त्वाचा. मेंदूत ते भरपूर असतं आणि डोपामाइनच्याच आसपासच्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतं. दोघांना इलेक्ट्रोड वेगळं ओळखू शकत नाही. मग आधी वेगळं करा, नंतर मोजा. १९७३ साली पीटर किसिंजर, रेफशॉज, ड्रायलिंग आणि ॲडम्स यांनी ‘ॲनालिटिकल लेटर्स’मध्ये पिकोग्रॅमपर्यंत पोचणारा, लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडायचा इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर मांडला. केमुलांच्या सांगाड्यात पाऱ्याच्या जागी कार्बन आला. किसिंजर यांनी १९७४ साली बायोॲनालिटिकल सिस्टिम्स ही कंपनी काढून तो बाजारात आणला.

या डिटेक्टरचा गाभा, म्हणजे सेल, हातात घेतला तर निराशाच होते, इतका साधा आहे. दोन ठोकळे, मध्ये कागदाहून पातळ टेफ्लॉनची चकती. जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर. चकतीला कोरलेली एक फट, तिच्यातून कॉलमचा द्रव वाहतो. एका भिंतीत नखाएवढाही नसलेला काळा ठिपका. सुरुवातीला तिथे पेस्ट असे, नंतर काचेसारखा चकचकीत कार्बन आला. समोर स्टीलचा ठोकळाच दुसरा इलेक्ट्रोड, आणि पुढे सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. द्रवाचा थर इतका पातळ ठेवायचा कारण रेणूंना ठिपक्यापर्यंत पोचायला वेळच लागू नये. वाहणं इथे दुहेरी उपयोगाचं: नवा माल येतो आणि देवघेव झालेला पुढे ढकलला जातो. अर्थात सगळा जात नाहीच. म्हणून या ठिपक्याला अधूनमधून ॲल्युमिनाच्या ओल्या भुकटीवर, मखमली पॅडवर, इंग्रजी आठचा आकडा गिरवत घासायचं. एकाच दिशेने घासलं तर ओरखडे पडतात. गंमत अशी की रक्तातलं ॲड्रेनॅलिन कॉलममध्ये घालण्याआधी वेचून काढायलाही ॲल्युमिनाच वापरत. एकीकडे पकडणारी, दुसरीकडे साफ करणारी, भुकटी एकच.

या सेलने डॉक्टरांना एक हत्यार दिलं. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. ती ॲड्रेनॅलिन वर्गातली द्रव्यं रक्तात ओतत राहते, आणि रक्तदाब मध्येच उसळी मारतो. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात नॉरॲड्रेनॅलिन असतं काहीशे पिकोग्रॅम. एवढं थोडं मोजण्याची जबाबदारी कित्येक वर्षं मोठ्या रुग्णालयांत याच लहरी डिटेक्टरवर होती.

दरम्यान काहींनी वेगळा विचार केला. ठिपक्याऐवजी सच्छिद्र ग्रॅफाइटमधूनच द्रव गाळायचा, म्हणजे पाच टक्क्यांऐवजी जवळपास सगळाच पदार्थ पृष्ठभागाला शिवतो. हा कुलोमेट्रिक सेल. पृष्ठभाग इतका अवाढव्य की थोडा मळला तरी फरक पडत नाही. उत्तर चांगलं आहे, पण मला ते श्रीमंताचं वाटतं. आणि सेल एकदा पुरता मळला की घासता येत नाही.

साखरेचा प्रश्न यांतल्या कुणालाच सुटत नव्हता. ग्लुकोज, सुक्रोज, लॅक्टोज यूव्हीत दिसत नाहीत, कार्बन त्यांना दाद देत नाही. सोनं आणि प्लॅटिनम दाद देतात, पण क्षणभरच. मग साखरेचेच अवशेष धातूला घट्ट चिकटतात आणि प्रवाह ढासळतो. एम्समधल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे डेनिस जॉन्सन यांनी १९८१च्या सुमारास उत्तर दिलं ते असं, की घासायचं काम विजेवरच सोपवा. आधी मोजणीचं व्होल्टेज. मग एकदम जास्त धन व्होल्टेज, ज्याने धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि मळ जळून सुटतो. मग ऋण व्होल्टेज, ज्याने तो ऑक्साइड परत धातू होतो. सारं चक्र सेकंदाच्या आत. पुढची मोजणी पुन्हा कोऱ्या सोन्यावर. दाहक सोडा घातलेल्या वाहक द्रवात साखरेचे रेणू स्वतःच ऋणभारित होतात, त्यामुळे त्यांना आयन-विनिमय कॉलमवर वेगळंही करता येतं. ही जोडगोळी १९८३पासून बाजारात आहे. मधात भेसळ आहे का, लॅक्टोजमुक्त दुधात लॅक्टोज उरलंय किती, हे तपासायला ती आजही चालते. या कुळातलं सगळ्यांत देखणं उत्तर मी हेच मानतो. हेरोव्स्कींचा थेंब तीन सेकंदांनी कोरा व्हायचा. जॉन्सनचं सोनं जागचं न हलता त्याहून लवकर कोरं होतं.

एक शाखा दवाखान्यातून निघाली. लेलँड क्लार्क यांनी शस्त्रक्रियेसाठी रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र केलं होतं, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती हे मोजता येत नव्हतं, म्हणून त्यांचा लेख परत आला. मोजणारा प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड उघडा ठेवला तर रक्तातल्या प्रथिनांनी लगेच माखायचा. क्लार्क यांनी त्याच्यावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणला: ऑक्सिजन आत, रक्त बाहेर. तो इलेक्ट्रोड १९५६ साली प्रसिद्ध झाला. मळ साफ करण्यापेक्षा तो येऊच न देणं, असा हा पवित्रा. १९६२ साली त्यांनी आणि लायन्स यांनी पडद्यात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर अडकवायचं सुचवलं. १९८७ साली पेनाएवढा ग्लुकोमीटर आला, त्यातल्या पट्टीवर फेरोसीन हा इलेक्ट्रॉन पोचवणारा मध्यस्थ होता. बोटाला टोचून काढलेला थेंब पट्टीच्या केशनळीत आपसूक ओढला जातो, काही सेकंदांत आकडा येतो आणि पट्टी कचऱ्यात जाते. एकदाच वापरायचा इलेक्ट्रोड मळेलच कशाला?

आज रक्तातल्या ॲड्रेनॅलिनची तपासणी बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमीटरकडे गेली आहे. पाऱ्याच्या वापरावर मिनामाता कराराने २०१७पासून जगभर चाप बसवायला सुरुवात केली. कार्बनचा ठिपका मज्जारसायनाच्या प्रयोगशाळांत अजून टिकून आहे, साखरेचं सोनं अन्नतपासणीत. मास स्पेक्ट्रोमीटरने हरवलं ते या डिटेक्टरच्या लहरीपणाला. संवेदनशीलतेत हा डिटेक्टर फारसा कमी पडला नव्हता.

आता घरगुती गोष्ट. खिशातला टीडीएस मीटर हा कोलराऊश यांचा वारस; तो वाहकता मोजतो, ठरावीक गुणकाने गुणतो आणि पीपीएम दाखवतो. त्यात जंतू, आर्सेनिक, कीटकनाशकं कळत नाहीत. पण फिल्टर विकायला दारात येणारा माणूस याहून पुढचा खेळ करतो. दोन ग्लासांत, एका नळाचं आणि एका फिल्टरचं पाणी घेऊन, तो धातूच्या कांड्यांचं यंत्र बुडवून वीज सोडतो. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, गढूळ होतं. फिल्टरचं स्वच्छ राहतं. ती घाण पाण्यातली नसते. कांडी लोखंडाची असते, क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड विरघळून गंजाचा साका तयार होतो. फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून फारसं काही घडत नाही. अशा विक्रेत्याला सांगा की त्याच्याच शुद्ध पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा कांड्या बुडव. हे त्यालाच करू द्या, स्वतः हात घालू नका. बऱ्याचदा त्या कांड्या थेट घरच्या विजेवर असतात.